गिरसप्पा, अटलांटिकच्या तळाशी

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, अटलांटिक महासागराच्या तळाशी एक गिरसप्पा आहे. तिथलं पाणी सुमारे ४,७०० मीटर खोल आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर तिसरीचा माथा जेमतेम वर दिसेल, एवढं. त्या खोलीवर सूर्यप्रकाश पोचत नाही. तिथे एक मालवाहू आगबोट चिखलात ताठ उभी आहे. तिचे तळकप्पे उघडे पडले आहेत आणि टॉर्पेडोने पाडलेलं भगदाड अजून तसंच आहे.

तिचं कागदोपत्री नाव ‘एस. एस. गैरसोप्पा’. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणत आणि आज सगळे जोग म्हणतात, त्याच्या खालच्या अंगाला शरावतीच्या काठी गेरसोप्पे नावाचं गाव आहे. सोळाव्या शतकात तिथे चेन्नभैरादेवी राज्य करत होती. तिच्या मुलखातल्या मिरीवर पोर्तुगीजांचा इतका जीव होता, की त्यांनी तिला मिरीची राणी हे नाव दिलं. त्याच गावाचं नाव घेऊन ही बोट वीस वर्षं समुद्रावर फिरली आणि १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री बुडाली. तिच्यावर पंच्याऐंशीच्या आसपास माणसं होती. जिवंत राहिला तो एक.

या बोटीविषयी जे लिहिलं जातं त्यात पहिल्या ओळीत चांदी असते. किती विटा, किती टन, किती किमतीच्या. मीही आधी तेच वाचलं. पण वाचता वाचता मन चांदीवरून सरकून दुसरीकडे गेलं आणि तिथेच अडून बसलं. एखादं नुकसान भरून काढायला माणूस समुद्राच्या कुठल्याही खोलीपर्यंत जाऊ शकतो, हे या बोटीने सिद्ध केलं. मग कुठलं नुकसान भरून काढायचं आणि कुठलं तळाशी राहू द्यायचं, हे कोण ठरवतं? गैरसोप्पाची सगळी हकिगत मला या एका प्रश्नाभोवती दिसते.

तिचा जन्मही एका युद्धाच्या पोटी झाला. पहिल्या महायुद्धात, विशेषतः १९१७ साली, जर्मन पाणबुड्यांनी इतक्या ब्रिटिश मालवाहू बोटी बुडवल्या की इंग्लंडची अन्नधान्याची आवक धोक्यात आली. तेव्हा सरकारने ठरावीक नमुन्याच्या बोटी भराभर बांधायला घेतल्या. आखणी एकच, भाग एकसारखे, सजावट काही नाही. त्यांची नावं ‘वॉर’ या शब्दाने सुरू होत. गैरसोप्पा ही त्यांतली एक. टाइन नदीकाठच्या पामर्स कंपनीत ती बांधली जात होती आणि ‘वॉर रोबक’ या नावाने समुद्रात उतरायची होती. ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं. सरकारने अशा बोटी खासगी कंपन्यांना विकल्या आणि १९१९ मध्ये ही बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली. पाणबुड्यांनी केलेली तूट भरायला जी बोट घडवली, तिचा शेवट पुढच्या युद्धात पाणबुडीनेच केला.

तिचं आकारमान ५,२३७ ग्रॉस टन, लांबी चारशे फुटांच्या आसपास, इंजिन कोळशावर चालणारं. ब्रिटिश इंडिया, म्हणजेच बी. आय. कंपनी मुळात कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्यामधल्या टपालावर उभी राहिली होती. काळं धुराडं आणि त्यावर दोन पांढरे पट्टे, ही तिची खूण हिंदी महासागराच्या प्रत्येक बंदरात ओळखीची होती. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला गेलेल्या कितीतरी घरांच्या आठवणींत बी. आय. ची बोट आहे. कंपनी आपल्या बोटींना बहुतेक हिंदुस्थानातल्या आणि आसपासच्या गावांची नावं देई. गैरसोप्पा भारत, पूर्वेकडचे देश, ऑस्ट्रेलिया आणि पूर्व आफ्रिका या मार्गांवर माल वाहत राहिली. वीस वर्षांत तिच्याबद्दल कुणी काही खास लिहिलं नाही, कारण तिने काही खास केलंच नाही. इथला माल तिथे नेला, तिथला इथे आणला.

प्रवासी बोटींच्या वाट्याला निरोपाचे रुमाल आणि फोटो येतात. मालवाहू बोट रात्री-बेरात्री धक्क्याला लागते, क्रेन तिचं पोट रिकामं करतात, पुन्हा भरतात, आणि ती निघून जाते. आपण सकाळी जो चहा पितो, अंगावर जे कापड घालतो, ते अशाच कुठल्या तरी बोटीच्या पोटातून आलेलं असतं. तिचं नाव आपल्याला कळत नाही. युद्ध लागलं की मात्र याच बोटींवर अख्खा देश तगतो. जुलै १९४० पासून इंग्लंडमध्ये चहाचं रेशन सुरू झालं होतं. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमही नाही. ती चिमूटभर पत्ती घरोघरी पोचावी म्हणून आसामचा चहा कलकत्त्याहून निघून अर्ध्या जगाला वळसा घालत होता.

आणि ती बोट चालवत कोण होतं? दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानी खलाशांचा होता. जवळजवळ पन्नास हजार माणसं. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. डेकवर सारंगाचा हुकूम चाले, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, खाली इंजिनखोलीत आगवाले आणि कोळसेवाले, रांधायला भंडारी. भरती बंदरानुसार होई. कलकत्त्याच्या बोटींवर साधारणपणे डेकवर नोआखाली-चितगावचे, भट्टीपाशी सिल्हेटचे आणि साहेबांच्या जेवणाखाण्याकडे बहुतेक गोव्याचे लोक. मुंबईच्या बोटींवर रत्नागिरीच्या खाड्यांतले कोकणी मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने असत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे पेटी टेकवून राहत.

माझ्या आजोळी, खाडीकाठच्या गावात, ‘बोटीवर आहे’ हे माणसाच्या ठावठिकाण्याचं पुरेसं उत्तर होतं. कुठल्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, हे घरच्यांनाही माहीत नसे. घरी मनीऑर्डर आली की माणूस आहे, एवढं कळायचं. पत्र्याच्या नळकांडीत गुंडाळून ठेवलेले बोटीवरच्या नोकरीचे दाखले मी तिथे पाहिले. खलाशी त्या दाखल्यांना ‘नळी’ म्हणत. प्रत्येक सफरीची नोंद त्यात, बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. त्या कागदांवर हात फिरवताना मला नेहमी वाटे, की जगाचा इतिहास ज्यांनी खांद्यावरून वाहिला त्यांचा इतिहास एवढ्याशा नळकांडीत मावतो.

या खलाशांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतका. युद्ध जाहीर झालं, समुद्रावर मरण दोघांनाही सारखंच होतं, आणि पगारातला फरक तसाच राहिला. १९३९ च्या शरद ऋतूत लंडन, ग्लासगोसारख्या बंदरांत हिंदुस्थानी खलाशांनी बोटीवर चढायला नकार दिला. शेकड्यांनी तुरुंगात गेले. तरी हटले नाहीत, तेव्हा कुठे पगार वाढला आणि युद्धभत्ता मिळाला. बरोबरी तेव्हाही झाली नाही. हे खलाशी निमूट आणि गरीब होते अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. आपल्या जिवाची किंमत त्यांना कळत होती आणि ती मागण्याची हिंमतही त्यांनी दाखवली होती.

१९४० च्या डिसेंबरात गैरसोप्पा कलकत्त्याहून निघाली. तेव्हा ती सरकारच्या कामाला जुंपली गेली होती. कप्तान होते जेराल्ड हायलंड. पोटात सुमारे सात हजार टन माल होता. त्यात कच्चं लोखंड, चहा, टपालाच्या थैल्या आणि तेव्हाच्या हिशेबाने सहा लाख पौंडांच्या आसपास किमतीची चांदी. इटली युद्धात उतरल्यापासून भूमध्य समुद्राची वाट मालवाहू बोटींना जवळजवळ बंद झाली होती. म्हणून सुवेझचा जवळचा रस्ता सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून वर यायचं. पश्चिम आफ्रिकेच्या फ्रीटाउन बंदरात बोटी जमत आणि तिथून तांड्याने इंग्लंडकडे निघत. ३० जानेवारी १९४१ ला निघालेल्या ‘एस. एल. ६४’ या ताफ्यात गैरसोप्पा होती.

ताफ्याचा नियम साधा आणि कठोर. सगळ्यांनी एका वेगाने चालायचं. मागे पडेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं नाही, कारण थांबलेला ताफा म्हणजे पाणबुडीसाठी मांडलेलं ताट. उत्तरेकडे येता येता हवा बिघडली. जड लोखंड पोटात घेऊन एकवीस वर्षांची ती बोट डोंगराएवढ्या लाटांशी झगडत होती. वेग राखायचा तर कोळसा जास्त जाळायचा, आणि एवढा कोळसा तर उरला नव्हता. इंग्लंडपर्यंत पोचणार नाही हे दिसल्यावर फेब्रुवारीच्या मध्यावर कप्तान हायलंडनी ताफा सोडला आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गॉलवे बंदर गाठायचं ठरवलं. आयर्लंड युद्धात तटस्थ होतं. बोटीचा वेग पाच नॉटच्या आसपास आला होता.

या निर्णयाचा मी पुष्कळ विचार केला आहे. ताफ्यात राहिलं असतं तर भर समुद्रात कोळसा संपला असता. ताफा सोडला तर एकटं पडणं आलं. कप्तानापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या टोकाला धोका होता. त्यातली जिथे माणसं जगण्याची शक्यता थोडी अधिक, ती त्यांनी धरली. नंतर काय घडलं हे माहीत असलेल्या माणसाने त्या निर्णयाला चूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

१६ फेब्रुवारीला आभाळात एक जर्मन विमान दिसलं. लांब पल्ल्याचं फॉके-वुल्फ कॉन्डॉर. ते बोटीवर घिरट्या घालून निघून गेलं. त्या रात्री ‘यू-१०१’ या पाणबुडीने गैरसोप्पाला गाठलं. तिचा कमांडर होता अर्न्स्ट मेंगरसन. एक टॉर्पेडो लागला. पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्याबरोबर बिनतारी संदेशाची तारही तुटली. मदतीची हाक गेलीच नाही. बोट वीसेक मिनिटांत पाण्याखाली गेली. काळोखात, उसळत्या समुद्रात तीन जीवरक्षक होड्या सुटल्या, पण तगून पुढे जाऊ शकली ती एकच.

त्या होडीत तिसांहून थोडी अधिक माणसं होती. बहुतेक हिंदुस्थानी खलाशी. होडीची सूत्रं सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स यांच्या हाती आली. एक लहानसं शीड, थोडं पाणी, थोडी बिस्किटं आणि फेब्रुवारीतला उत्तर अटलांटिक. त्यांनी होडीचं तोंड पूर्वेकडे धरलं. दिवस गेले. पाणी संपलं. हिमदंशाने हातपाय काळे पडले. एकामागून एक माणसं मरत गेली आणि उरलेल्यांनी त्यांना समुद्रात सोडलं. भट्टीपाशी उघड्या अंगाने कोळसा ओढणारी, बंगालच्या हवेत वाढलेली ही माणसं. त्या थंडीला पुरे पडतील असे कपडे त्यांच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं.

तेराव्या दिवशी, १ मार्च १९४१ ला, जमीन दिसली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं लिझर्ड, इंग्लंडच्या मुख्य भूमीचं सर्वांत दक्षिणेचं टोक. होडीत मूठभर माणसं जिवंत होती. कॅर्थिलियन नावाच्या खडकाळ खाडीत शिरताना लाटेने होडी उलटली. लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून त्या भागात पाठवलेल्या शाळकरी मुलींनी हे पाहिलं आणि धावत जाऊन खबर दिली. मदतीला माणसं येईपर्यंत बाकीचे बुडाले होते. तेरा दिवस समुद्राने जे केलं नाही, ते किनाऱ्याजवळच्या शेवटच्या काही लाटांनी केलं. पाण्यातून जिवंत ओढून काढता आले ते एकटे आयर्स. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांना लॅन्डेवेडनॅकच्या चर्चच्या आवारात माती दिली गेली.

आयर्सना सरकारने एम. बी. ई. हा सन्मान दिला. तो त्यांनी कमावलेला होता. बरे झाल्यावर ते पुन्हा समुद्रावर गेले आणि १९९२ मध्ये वारले. त्यांच्या धीराविषयी मला निखळ आदर आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या तेरा दिवसांविषयी जगाला जे माहीत आहे ते सगळं या एका माणसाच्या तोंडून आलेलं आहे. होडीत बहुसंख्य असलेले खलाशी आपापसांत काय बोलले, कुणी कुणाला धीर दिला, कुणी आपलं कांबळं दुसऱ्याच्या अंगावर टाकलं, मरणाऱ्याने घरी कुठला निरोप सांगितला, हे सांगायला त्यांच्या भाषेतलं कुणी उरलं नाही. बोट बुडते तेव्हा जीव जातात. आणि एका भाषेतलं कुणीच वाचत नाही, तेव्हा त्या मरणाची हकिगतही बुडते.

आता चांदी. युद्धकाळात सरकारने मालाचा विमा उतरवला होता. बोट बुडाल्यावर चांदीच्या मालकांना भरपाई मिळाली आणि तळाशी गेलेली चांदी हिशेबाने सरकारच्या मालकीची झाली. ती सत्तर वर्षं तशीच होती. मग ब्रिटिश सरकारने ‘ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन’ या अमेरिकी कंपनीशी करार केला. खर्च आणि धोका कंपनीचा, मिळेल त्यातला ऐंशी टक्के वाटा कंपनीला, वीस टक्के सरकारला. २०११ मध्ये बोट सापडली, टायटॅनिकपेक्षाही जवळजवळ नऊशे मीटर अधिक खोल. दूरनियंत्रित यंत्रं तारेने खाली सोडली गेली. माणूस जिथे एक क्षण जगू शकणार नाही, तिथे यंत्राच्या हातांनी एकेक वीट उचलली. २०१२ मध्ये १,२०३ विटा, सुमारे ४८ टन. २०१३ मध्ये आणखी १,५७४ विटा, साठ टनांहून अधिक. विमा उतरवलेली चांदी जवळजवळ सगळी वर आली. त्यातल्या काही चांदीची नाणी रॉयल मिंटने पाडली आणि त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं.

या कामामागचं कौशल्य थक्क करणारं आहे आणि मला त्याचं कौतुकच आहे. चांदी वर काढण्यात काही पाप नाही. मला खुपतं ते वेगळं. प्रत्येक वीट मोजलेली होती. तिची नोंद होती, मालक ठरलेला होता, विमा होता. म्हणून सत्तर वर्षांनंतरही तिला शोधत जाणं शक्य झालं. ज्याची नोंद नीट केलेली असते, तेच जग परत शोधतं. चांदी परत येण्याचं कारण तिची किंमत हे तर आहेच, पण तिची यादी जपलेली होती हेही आहे.

चांदीबरोबर आणखी एक गोष्ट वर आली, जिची कुणीही अपेक्षा केली नव्हती. टपालाच्या थैल्यांमधली पत्रं, सुमारे सातशे. कागद समुद्राच्या तळाशी सत्तर वर्षं टिकतो यावर विश्वास बसत नाही. पण बोटीच्या पोटात घट्ट दाबून पडलेल्या थैल्यांत काळोख होता, प्राणवायू फारसा नव्हता, बर्फासारखं थंड पाणी होतं. ओल्या लगद्यातून जाणकार हातांनी एकेक पान सोडवलं, वाळवलं. २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये ती पत्रं प्रदर्शनात मांडली गेली. १९४० च्या अखेरीला हिंदुस्थानातून सैनिकांनी, मिशनऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांना लिहिलेली. नाताळच्या शुभेच्छा, मुलांची चौकशी, धंद्याचे हिशेब. एका सैनिकाचं पत्र त्याच्या वाग्दत्त वधूला होतं. तिने लग्नाला दिलेला होकार हाती पडल्याचा आनंद त्यात होता. त्या पत्राविषयी तिला कळलं तेव्हा ती नव्व्याण्णव वर्षांची होती. तोवर तिचं आयुष्य दुसऱ्याच वाटांनी जाऊन आलं होतं. या एका पत्रासाठीसुद्धा चार हजार सातशे मीटर खाली जाणं सार्थकी लागलं, असं मी मनापासून म्हणेन.

त्या पत्रांची यादी चाळताना माझ्या लक्षात आलं, की त्या थैल्यांत खलाशांचं पत्र असण्याची शक्यताच नव्हती. बोट हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जात होती. टपालही त्याच दिशेचं. खलाशांची घरं मागे राहिली होती. सारंगाने, आगवाल्याने घरी काही लिहवून घेतलं असेल तर ते परतीच्या बोटीने जाणार, किंवा तो स्वतःच परत जाऊन सांगणार. ज्यांनी ती सातशे पत्रं वाहिली, त्यांचा स्वतःचा एक शब्दही त्यांत नव्हता.

मग त्यांची नोंद आहे कुठे? ब्रिटिश व्यापारी नौदलातले तीस हजारांहून अधिक लोक त्या युद्धात गेले. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, त्यांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर ब्राँझमध्ये कोरलेली आहेत, बोटीबोटीनुसार. हिंदुस्थानी खलाशांची नावं तिथे नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नोंदवह्या केल्या. एकसारख्याच दोन, एक मुंबईसाठी, एक चितगावसाठी. समुद्रावर गेलेल्या सहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी नाविकांची आणि खलाशांची नावं त्यांत आहेत. मुंबईचं स्मारक मस्जिद बंदरच्या बाजूला, पी. डिमेलो रस्त्यावरच्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. गोदीच्या भिंतीला लागून जाणाऱ्या त्या रस्त्यावरून रोज हजारो माणसं आणि ट्रक जातात. आत सहा हजार माणसांची यादी आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

मुंबईकराला युद्धातली मालवाहू बोट म्हटली की ‘फोर्ट स्टिकीन’ आठवते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत तिचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि आजही त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या बोटीवरही सोन्याच्या विटा होत्या आणि पुढे कितीतरी वर्षांनी गोदीच्या गाळातून एखादी वीट निघाली की तिची बातमी होई. मात्र जवानांचं स्मरण दरवर्षी होतं, त्यांच्या नावाने माना झुकतात. जे डोळ्यांदेखत, आपल्या शहरात घडलं ते आपण लक्षात ठेवलं. दूरच्या पाण्यात, परक्या झेंड्याखाली जे गेले त्यांना विसरणं सोपं होतं. ते इंग्रजांच्या युद्धात मेले म्हणून स्वातंत्र्यानंतर आपल्याला जवळचे वाटले नाहीत, आणि हिंदुस्थानी होते म्हणून इंग्रजांच्या स्मारकावर त्यांना जागा मिळाली नाही. दोन देशांच्या मधल्या फटीत ती माणसं पडली.

पण ते राजकारणासाठी समुद्रावर गेले नव्हते. घर चालावं म्हणून गेले होते. कुणाच्या तरी घरी चहा पोचवत होते, कुणाची तरी पत्रं नेत होते. या कामात मरण आलं, तर त्याची नोंद ठेवण्यासाठी कुठल्या झेंड्याची परवानगी लागू नये.

चांदीला शोधून काढलं कारण तिची यादी होती. माणसांची यादीही आहे. मात्र ती अपुरी आहे, कारण त्यात नाव आणि बोट एवढंच आहे. त्या नावामागचं गाव, घर, बायकोचं वाट पाहणं, पाठवलेले पैसे, न आलेलं पत्र, हे सगळं अजून घरांत विखुरलेलं आहे आणि दर पिढीला थोडं थोडं नाहीसं होत आहे. ते शोधायला समुद्राच्या तळाशी जावं लागत नाही. म्हणून कोकणात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या चाळींत ज्यांच्या घरी बोटीवर गेलेल्या आजोबा-पणजोबांची नळी, दाखले, फोटो किंवा मनीऑर्डरची एखादी पावती असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातली जुनी ट्रंक या सुट्टीत उघडा. बोटीचं नाव, तारीख, माणसाचं पूर्ण नाव आणि गाव वहीत उतरवून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवतं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे द्या.